पाहुण्याचं ताट

मेक्सिकन पुरुषांच्या तब्येती सुधारायचं काम माझ्याकडे आलं ते मी तिखट खातो म्हणून. थट्टा नाही करत. आमच्या दवाखान्याच्या संचालक बाई गोऱ्या, स्वभावाने फार चांगल्या, पण डोक्यात एकदा काही आलं की ते कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एका दुपारी मी ब्रेडला लसणाची चटणी लावून खात होतो, ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हीही तिखट खाता, तेही खातात. तुम्हीही घर सोडून आलात, तेही आले. तुमचं ते ऐकतील." झालं! कोल्हापूरचा एमबीबीएस, इथली डॉक्टरकीची परीक्षा अजून न सुटलेला, पब्लिक हेल्थची डिग्री घेऊन हेल्थ एज्युकेटर म्हणून चिकटलेला. त्याला सांगितलं की लॅटिनो पुरुषांसाठी, त्यांच्या चालीरीतींना धरून, खाण्यापिण्याचा आणि आरोग्याचा एक कार्यक्रम तयार कर. मला स्पॅनिश येत होतं ते दुकानात कांदे मागण्यापुरतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या आसपासचे हे दिवस. मी सनीव्हेलला एका अपार्टमेंटमध्ये एकटा राहत होतो. एकटा म्हणजे लग्न झालेला एकटा, तो प्रकार आणखी वाईट. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे बायको सहावा महिना संपता संपता सांगलीला गेली. मुलगी झाली. बारसं झालं, ते मी फोनवरून ऐकलं. मग इतक्या लहान बाळाला विमानात कसं न्यायचं, मग दात येतायत, मग दिवाळी तर होऊ दे, मग भावाचं लग्न तोंडावर आलंय. मुलगी बसायला लागली, रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहिली, आणि मी आपला फोटो बघतोय. मला जाता येत नव्हतं, कारण माझे कागद अर्धवट होते आणि बाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री वकील देईना. तिचा व्हिसा पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी संपणार होता. तोवर ती आली तर आली, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

ती येणार की नाही, हे मी कुणाला विचारू शकत नव्हतो. तिला तर मुळीच नाही. कारण इथे काढलेलं पहिलं वर्ष तिला पुरून उरलं होतं. मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं, आसपास मराठी घर नव्हतं, दिवसभर ती खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायची. एकदा मी घरी आलो तर म्हणाली, "आज दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही. आवाज जागेवर आहे का बघायला मघाशी उगाच खोकले." मी हसलो होतो. ती नव्हती हसली.

दर रविवारी सकाळी मी फोन लावायचो, म्हणजे सांगलीत रात्रीच्या जेवणाआधीची वेळ. सासरे वकील, त्यामुळे घरात फोन होता. लाइनमध्ये इतकी खरखर की प्रत्येक वाक्य ओरडून सांगायचं. आणि सासऱ्यांची एक सवय होती. मी जे बोलेन ते मागे वळून दिवाणखान्यातल्या मंडळींना ते मोठ्याने ऐकवायचे. "जावई म्हणतायत, तिकडे थंडी आहे!" "जावई म्हणतायत, काम छान चाललंय!" तिकडे सासूबाई, मेहुणा, शेजारच्या काकू, एखादा चुकार पक्षकार, सगळे बसलेले. मग फोन बायकोकडे. एवढ्या बाजारात नवरा-बायको बोलणार काय, कपाळ? ती विचारायची, "जेवण नीट करता ना?" मी म्हणायचो, "एकदम व्यवस्थित. मजेत आहे मी. तू माझी काळजी करू नकोस."

मजेत! अहो, मी सिंकपाशी उभ्याने जेवत होतो. पातेल्यातूनच. भात उरला की दुसऱ्या दिवशी तोच, आणि तोही संपला की बटाट्याचे वेफर्स आणि कोक. डॉक्टर माणूस! मला काय माहीत नव्हतं काय खावं ते?

तर कार्यक्रम. मी पुस्तकं आणून वाचली. सगळ्यांत एकच: मेक्सिकन माणसाच्या आयुष्यात कुटुंब मध्यभागी असतं, घरचं जेवण बायकोच्या हातात असतं, म्हणून पुरुषाला शिकवायचं तर बायकोला शिकवा. पटलं. तसं आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मी झोकात पोस्टर करून घेतलं. टेबलाभोवती हसरं कुटुंब, बायको पातेलं ढवळतेय, नवरा गाजर खातोय. खाली स्पॅनिशमध्ये: गुरुवारी संध्याकाळी या, पत्नीसह. खुर्च्या मांडल्या, गाजर-काकडी चिरून ठेवली. कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी आमची नर्स येऊन बसली, तीही पायांना आराम म्हणून.

ही नर्स मूळची मेक्सिकन आई-बापांची, पण जन्म इथलाच, जर्दाळूच्या बागेतल्या मजुरांच्या छपरात. पन्नाशीची, आवाज असा की तीन खोल्यांपलीकडच्या पेशंटने औषध घ्यावं. मला ती चिडवायला "दोक्तोर" म्हणायची. गाजर चावत ते पोस्टर बघत बसली आणि एकदम खदखदून हसायला लागली.

"दोक्तोर, पत्नीसह म्हणजे? कुठल्या पत्नी?"

"म्हणजे त्यांच्या बायका."

"त्यांच्या बायका मेक्सिकोत आहेत! ही सगळी फळांच्या कारखान्यातली माणसं. एकेका घरात आठ-आठ जण राहतात. तुला काय वाटलं, ते हौसेने एकटे राहतात?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हे पोस्टर कुणी केलेलं? ज्याची स्वतःची बायको सांगलीला, त्याने. इतके दिवस एकट्याने भात खाणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की बाबा रे, तुझ्यासारखी आणखीही असतील.

पुढच्या रविवारी नर्सबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. पीच आणि जर्दाळू पाकात घालून डबाबंद करायचा कारखाना होता, त्याच्या मागे जुनी बैठी घरं होती. मधल्या अंगणात तेलाच्या पिंपाची शेगडी पेटलेली. शेगडीशी एक माणूस उभा होता. पंचावन्नच्या आसपासचा, झुपकेदार मिशी, कमरेला फडकं. कारखान्यात तो पाक उकळायच्या यंत्रावर होता, आणि घरात सगळ्यात मोठा म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे. मी मनात त्याचं नाव आचारी ठेवलं, आणि पुढेही तेच राहिलं. त्याला शुगर होती. तळपायाला मुंग्या येतात म्हणून तो आमच्याकडे येऊन गेला होता आणि दिलेल्या गोळ्या घेत नव्हता.

मला बसवलं. ताट आलं. घमेलंच म्हणा. भात, बीन्स, मटण, टॉर्टियांची चळत. आता तुम्हाला वाटेल मी टॉर्टिया आणि भाकरीची कथा सुरू करणार. नाही करत, ती सगळेच करतात. मला आठवतं ते एवढंच, की कितीतरी महिन्यांनी मी बसून, गरम, दुसऱ्याने वाढलेलं जेवत होतो. आचारी समोर उभा राहून माझ्या ताटाकडे बघत होता. संपत आलं की आणखी वाढत होता. माझे डोळे भरून आले. मी मिरचीवर ढकललं, तर सगळे खूश, म्हणे इंडियाच्या माणसाला आमची मिरची लागली!

मग हळूहळू कळलं, की हे फक्त रविवारी. इतर दिवशी पाळ्या वेगळ्या, त्यामुळे जो तो आपापल्या वेळी येतो, डबा उघडून उभ्याने खातो. सोडा, बिस्किटं, कारखान्यातून आणलेले पाकातले पीच. त्यांना काय खावं ते माहीत नव्हतं असं नाही. मला तरी कुठे माहीत नव्हतं?

घरी परत येताना मला कोल्हापूरची पंगत आठवली. आमच्या वडिलांनी आयुष्यात पातेल्यात हात घातला नाही. चांगलं की वाईट ते सोडा, पण आई वाढायची आणि वाढताना ताटाकडे नाही, तोंडाकडे बघायची. आज चेहरा उतरलाय, आज खोकला आहे, आज ताक नको. आपल्याच हाताने घ्यायचं झालं की माणूस एकतर घेत सुटतो, नाहीतर घेतच नाही. मला कार्यक्रम सापडला. एकच नियम: स्वतःचं ताट स्वतः वाढायचं नाही. समोरच्याने वाढायचं.

चर्चचा एक हॉल मिळाला, त्याला स्वयंपाकघर होतं. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत माणसं यायची, मिळून स्वयंपाक करायची, जोड्या लावून बसायची. पहिल्या दिवशी पाच-सहा जण, मग दुप्पट, मग खुर्च्या कमी पडायला लागल्या. संचालक बाई येऊन पाहून गेल्या आणि मला म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मी आठवडाभर हवेत.

महिन्याभराने वजनं घेतली. वाढलेली. एकजात सगळ्यांची! शुगरही वर. माझी तर पँट बसेना. संचालक बाईंनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "या कार्यक्रमाचं नाव 'निरोगी पुरुष' असंच आहे ना?"

काय झालं होतं? तर आग्रह! समोरच्याने वाढायचं म्हटल्यावर प्रत्येकाच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. कमी वाढलं तर काय म्हणेल? आणि वाढलेलं नको म्हटलं तर त्याला काय वाटेल? एकाने दोन टॉर्टिया वाढल्या की दुसरा तीन वाढणार. आणि त्यांना आवरायचं सोडून मी कोल्हापूरकर मधून फिरत "अजून घ्या, अजून घ्या" करत होतो. माझ्या देशात आणि त्यांच्या देशात पोटभर म्हणजे पोट फुटेपर्यंत. गोऱ्या माणसाने हा कार्यक्रम केला असता तर ही चूक त्याच्या हातून होणंच शक्य नव्हतं, च्यायला.

मी हात टेकले. नर्सबाईने नाही टेकले. पुढच्या दिवशी तिने एकाच्या हातातला डाव काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू याला पाहुण्यासारखं वाढतोयस. हा पाहुणा आहे का? रात्री तुझ्या उशाशी घोरतो हा! पाहुण्याला आग्रह करतात. घरच्याला 'पुरे' म्हणतात. यजमान होऊ नका रे, बायको व्हा!"

मग आचारी उठला. फडकं डोक्यावरून पदरासारखं घेतलं, एक हात कमरेवर ठेवला आणि समोरच्या धिप्पाड गड्याला बारीक आवाजात म्हणाला, "पुरे आता! काल दोन जास्त खाल्ल्यास, मी बघितलं नाही असं वाटतं तुला? उद्या तू पडलास तर पोरांना मी काय सांगू?" हॉल नुसता हसण्याने फुटला. पण गंमत अशी, की त्या गड्याने खरंच डोळे पुसले आणि ताट खाली ठेवलं.

तेव्हापासून कार्यक्रम लागला मार्गाला. प्रत्येकाला एक 'बायको'. दारातून आत येतानाच ओरडायचे, "माझी बायको कुठाय?" बायकोने वाढायचं, बायकोने पुरे म्हणायचं, गोळी घेतली का विचारायचं, पाय बघायचे. अहवालात मी त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, ते जाऊ दे. माझी बायको आचारी, आणि मी त्याची. मी त्याचे तळवे तपासायचो, तो मला विचारायचा, "काल काय खाल्लंस?" मी खोटं बोललो तर त्याला कळायचं. कसं कळायचं देव जाणे. माझं स्पॅनिश आता बरं झालं होतं, अडलं तर नर्सबाई होतीच.

एकदा मी त्याला विचारलं, शुगर आहे हे घरी माहीत आहे का? तो दचकलाच. छे छे! फोनवर काय सांगतोस? "तोदो ब्येन," म्हणाला. सगळं छान. मी म्हटलं, मीही तेच सांगतो, मराठीत. आम्ही दोघं खूप हसलो. नऊ वर्षं तो घरी गेला नव्हता. बायको पोटुशी असताना निघाला, तो मुलगा त्याने बघितलाच नव्हता. कागद नव्हते, गेला तर परत येणं अवघड, आणि घर त्याच्या पगारावर चाललेलं. मी हिशेब नको म्हणत होतो तरी तो मनात झालाच. माझी मुलगी नऊ वर्षांची झाली तर?

त्या सुमाराला नवा कायदा झाला होता आणि बरीच वर्षं इथे लपूनछपून राहिलेल्यांना कागद मिळायला लागले होते. आचाऱ्यालाही मिळाले. फळांचा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो दोन महिन्यांसाठी घरी निघाला. वजन उतरलेलं, पायांची कातडी साफ, नवे बूट, मिशीला कलप. हॉलमध्ये सगळ्यांनी त्याला वाढलं आणि सगळ्यांनी एकदम "पुरे!" म्हणून ओरडा केला. मला त्याचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी लवकर निघून आलो.

दोन महिन्यांसाठी गेलेला माणूस तीन आठवड्यांत परत आला.

मी हॉलवर पोचलो तेव्हा तो एकटाच ओट्याशी उभा राहून निवडुंगाची पानं चिरत होता. त्यांच्यात त्याची भाजी करतात, शुगरला चांगली. मी म्हटलं, "अरे, इतक्यात?" तो चिरत राहिला. मग म्हणाला, घरी एक निळ्या काठाची बशी आहे. त्याच्या आईची. पाद्री जेवायला आला की ती निघते, किंवा कुणी मोठा पाहुणा आला की. बायकोने त्याला रोज त्या बशीत वाढलं.

"पहिल्या दिवशी बरं वाटलं," म्हणाला. "मग रोजच. मांस आधी मला. टॉर्टिया गरम असेल ती मला. आणखी घ्या, आणखी घ्या. पुरे कुणी म्हटलं नाही. एकदाही नाही."

मुलाचं विचारलं. मुलगा गोड आहे, म्हणाला. जेवताना आईच्या ताटातलं उचलतो, आजीच्या, भावांच्या ताटातलं उचलतो, त्यांचा अर्धा खाल्लेला घासही ओढून घेतो. "माझ्या ताटातलं कधी नाही घेतलं. मी माझ्या ताटातला तुकडा पुढे केला तर उभा राहून म्हणाला, आभारी आहे, तुम्हीच घ्या."

"त्यांचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मी नऊ वर्षं सांगतोय, मी छान आहे, मला काही लागत नाही. काही लागत नाही त्या माणसाचं घरच्यांनी करायचं काय? बशी काढायची." मग त्याने सुरी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि माझ्यासाठी राखून ठेवलेल्या त्या बायकोच्या आवाजात म्हणाला, "आणि तू काय उभा आहेस असा? फोन कर." या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.

रविवारी फोन लावला. पलीकडे सासरे. "बोला जावईबापू! तब्येत?"

मी म्हटलं, "बरी नाही."

"अं? ऐकू येत नाही!"

"बरी नाही म्हणतोय! मला एकट्याला इथे करमत नाही!"

सवय ती सवय. सासऱ्यांनी मागे वळून सगळ्या दिवाणखान्याला ओरडून सांगितलं, "जावई म्हणतायत, त्यांना एकट्याला करमत नाही!" आणि मग बहुतेक आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, कारण त्यांचा आवाज बंद झाला. मला आता थांबता येईना. मी ओरडत सुटलो. मी उभ्याने जेवतो. घरी आलो की दिवा लावायचा कंटाळा येतो. मला माझी मुलगी बघायची आहे. तिला सांगा, माझं तिच्याशिवाय चालत नाही. सासऱ्यांनी यातलं एक अक्षर पुढे सांगितलं नाही. गरज नव्हती, मी इतका ओरडत होतो की रिसीव्हरमधून सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

मग खरखर, आणि मग ती. आजूबाजूला एवढे लोक असूनही तिचा आवाज कापत होता. "हे आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मला वाटलं तुमचं बरं चाललंय. प्रत्येक वेळी आपलं मजेत आहे, मजेत आहे. मग मी कशाला येऊ? परत त्या खिडकीत बसायला?" ती रडत होती की चिडली होती, कळेना. बहुतेक दोन्ही. शेवटी म्हणाली, "येते. पण तीन महिने. नाही जमलं तर मी परत जाणार, मग मला काही बोलायचं नाही." मी म्हटलं, कबूल.

ती आली ऑगस्टमध्ये, व्हिसा संपायला थोडेच दिवस उरलेले असताना. विमानतळावर मुलगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून होती. दीड वर्ष उलटून गेलेली, डोळ्यांत काजळ, प्रवासाने मरगळलेली. मी हात पुढे केले तर तिने आईला विचारलं, "हे काका कोण?" बायको वरमली. "अगं, बाबा आहेत हे." मुलीने ठाम मान हलवली. बाबा फोटोत असतात. तो फ्रेमचा फोटो सांगलीहून सोबत आणला होता, घरी आल्यावर तिने तो बॅगेतून ओढून काढून मला दाखवला. हे बाबा. आणि तुम्ही काका.

तेही एक वेळ सोसलं. सोसलं नाही ते संध्याकाळी बायकोने पान वाढलं ते. इतका प्रवास करून आलेली, तरी दोन भाज्या, कोशिंबीर, तळलेले पापड, पोळीवर तूप. "घ्या ना आणखी थोडं," म्हणाली, खाली मान घालून. निळ्या काठाची बशी! मी सगळं खाल्लं. ती आणखी वाढत गेली, मी आणखी खात गेलो. दोघंही इतके अदबीने वागत होतो की शेजाऱ्यांना वाटावं, कुणाच्या तरी घरी कांदेपोहे चाललेत. असेच दिवस गेले. मुलगी मला काका म्हणायची, मी जवळ गेलो की आईमागे पळायची. रात्री मला वाटायचं, तीन महिने असेच जाणार आणि मग मी त्यांना पुन्हा विमानतळावर सोडायला जाणार.

एका रविवारी मी दोघींना आचाऱ्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, माझी पहिली बायको दाखवतो तुला. पण त्या महिन्यात कारखान्याला टाळं लागलं होतं. जागेवर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीची इमारत व्हायची होती. हॉलमधली गर्दी ओसरत चालली होती, हे मला दिसत होतं, पण घरं इतक्या लवकर रिकामी होतील असं वाटलं नव्हतं. अंगणात कुणी नव्हतं. पिंपाची शेगडी आडवी पडलेली होती. शेजारच्या बाईने सांगितलं, सगळे खाली दक्षिणेकडे शेतांवर गेले, पत्ता माहीत नाही. मला म्हणून निरोपसुद्धा नाही. इतके महिने त्याचे पाय हातात घेऊन बघितले होते मी. बायको गाडीत मुलीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि ताट रिकामंच ठेवलं. सगळं समोर होतं, वरण, भात, पोळ्या. बायको म्हणाली, "घ्या की." मी म्हटलं, "आमच्यात स्वतःचं स्वतः घेत नाहीत." तिला कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. ती उठून आत तूप आणायला गेली. मी रिकाम्या ताटाकडे बघत बसलो. मला त्या वेळी इतकं एकटं वाटलं, की त्या दोघी सांगलीला होत्या तेव्हाही कधी वाटलं नव्हतं.

मुलगी समोर उंच खुर्चीत पोळी चघळत होती. खाता खाता थांबली. माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तोंडातला, लाळेने भिजलेला पोळीचा तुकडा बाहेर काढला आणि वाकून माझ्या ताटात ठेवला.

"घे, काका."

बायको तूप घेऊन आली आणि तिने ते पाहिलं. "अगं, उष्टं देऊ नये असं मोठ्यां..." म्हणाली, आणि तिथेच थांबली. मी तो तुकडा उचलून तोंडात टाकला. मुलगी खुदकन हसली. लगेच दुसरा तुकडा चावला आणि ठेवला. मी तोही खाल्ला. मग तिसरा, मग वरणात बुडवलेला, मग नुसताच चोखलेला. तिला खेळच सापडला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी खात होतो, ती चावून ठेवतेय आणि मी खातोय. घरात पाहुण्याला कोण उष्टं देतं हो?

बायको तुपाची वाटी हातात घेऊन उभी होती. मग तिने ती खाली ठेवली आणि माझ्या ताटावर आडवा हात धरला.

"पुरे आता," म्हणाली. "तिच्या पोटात काही जाऊ द्याल की नाही?"